बान पिल-जा हिने वापरला

कोरियातल्या मोक्पोच्या जुन्या बंदरामागे राहणारी मान-सूची आई रोज सकाळी दोंग-इलच्या पहिल्या वाढदिवसाने तोंड पुसायची.

म्हणजे त्या वाढदिवसाच्या टॉवेलने. दोंग-इलला आता टक्कल पडलंय, कॅनडात ट्रक चालवतो, पण टॉवेलवर तो अजून एक वर्षाचाच होता. हात पुसायला मि-रानच्या वडिलांची निवृत्ती. केसांना चर्चचा रौप्यमहोत्सव. पायांना एका मासळीच्या गोदामाचं उद्घाटन. ते गोदाम कधीच बुडालं, मालक पळून गेला, टॉवेल मात्र अजून ठणठणीत. गावात कुणाचं काही कार्य निघालं की जेवणं झाल्यावर पाहुण्याच्या हातात घडी केलेला टॉवेल पडायचा, त्यावर कुणाचं काय आणि कधी ते छापलेलं. मान-सूच्या आईने आजवर एक जेवण चुकवलं नव्हतं. त्यामुळे न्हाणीतलं कपाट उघडलं की अख्खं गाव अंगावर कोसळायचं.

"एकेकाच्या नावाने मी अंग पुसलं," ती कपाटाला सुनवायची, "माझ्या नावाने मेल्यांनो कुणी नाक तरी पुसलंय का?"

पुसणार कशाने? तिच्या नावाचा टॉवेल निघालाच नव्हता. साठीला निघायचा, पण साठी आली त्याच वर्षी नवऱ्याने मरायचा मुहूर्त काढला. जन्मभर प्रत्येक गोष्टीला उशीर करणारा माणूस, तेवढं एक काम वेळेआधी उरकून गेला. दुखवट्याच्या वर्षात कसली साठी आणि कसलं काय. तेव्हापासून तिने मनाशी एकच धरलं होतं, सत्तरीला टॉवेल निघाला पाहिजे. सोनेरी अक्षरात, ठसठशीत, ओळखीच्या प्रत्येक घरातल्या खुंटीवर. आणि तो पोरांनीच काढायला हवा. आपल्या नावाचा टॉवेल आपणच छापून आणला तर गाव म्हणणार, बघा, हिला विचारणारं कुणी नाही.

आता नाव म्हणजे 'मान-सूची आई' नव्हे. खरं नाव. बान पिल-जा.

पिल-जा म्हणजे सरळ सांगायचं तर 'आता बास'. लागोपाठ चौथी मुलगी झाली तेव्हा तिच्या बापाने देवाला दिलेली ती नोटीस होती. देवाने ती वाचली नसावी, कारण तिच्यामागून आणखी दोघी आल्या, आणि मग एकदाचा भाऊ. लहानपणी या नावाची तिला लाज वाटायची. लग्न झालं, मान-सू झाला, गाव तिला मान-सूची आई म्हणायला लागलं, तेव्हा तिला सुटल्यासारखंच झालं होतं. नवरा तर 'अगं'च्या पुढे कधी गेलाच नाही. पण म्हातारपणी माणसाला काय आठवेल त्याचा नेम नाही. दवाखान्यात नर्स दारात येऊन "बान पिल-जा!" असं ओरडायची, तेव्हा पिल-जाला इतकं बरं वाटायचं की गुडघे दुखत नसतानाही ती दोनदा जाऊन आली होती.

सत्तरी जवळ आली आणि सूनबाईंनी मनावर घेतलं. इथेच सगळं बिनसलं.

सून सो-दाम सोलची. पोरगी वाईट नव्हती. पण तिच्या हाताला खाज होती. कागद दिसला की कापायची, लोकर दिसली की विणायची, रिकामी बाटली दिसली की तिला रंग देऊन त्यात मेणबत्ती ओतायची. घरात कुठलंही कार्य निघालं की त्याला एक थीम पाहिजे आणि पाहुण्यांना द्यायची भेट घरीच बनवलेली पाहिजे, हा तिचा धर्म. नात हा-युल एक वर्षाची झाली तेव्हा जंगलाची थीम होती. सो-दामने डोंगरावरून खरं शेवाळ आणून टेबलावर अंथरलं, आणि केक कापायच्या वेळी त्यातून एक गोम निघून चर्चच्या पाद्रीबुवांच्या बाहीत शिरली. मग कोंगीचा वाढदिवस झाला. कोंगी हा कुत्रा. वाढदिवसाला आलेल्या पाहुण्यांना सो-दामने हाडाच्या आकाराची कुत्र्यांची बिस्किटं भाजून, रिबिनी बांधून दिली होती. दोंग-इलच्या वडिलांनी ती सोजूबरोबर चघळली आणि दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला, की चखणा झकास होता, अजून आहे का?

"आई, तुमच्या सत्तरीची थीम ठरली!" सो-दाम म्हणाली. "जुनी शाळा! गच्चीवर फळा लावायचा, कोळशाची शेगडी, तिच्यावर पत्र्याचे डबे. आणि सगळ्यांनी गणवेश घालायचे. काळे, पांढऱ्या कॉलरचे. भाड्याने मिळतात."

"अगं, मी प्राथमिकच्या पुढे शाळेत गेले होते कुठे?"

"म्हणून तर! तुमचं राहिलंय ना ते!"

राहिलं होतं हे खरं. तेराव्या वर्षी ती जाळी विणायच्या शेडमध्ये बसली. पुढे धाकटा भाऊ मोठ्या शाळेत गेला, तेव्हा त्याच्या गणवेशाला इस्त्री तिने केली, छातीवर त्याच्या नावाची पट्टीही तिनेच शिवली. सुनेला हे माहीत असेल असं तिला वाटलं नव्हतं. पण मऊ पडायची ही वेळ नव्हती.

"बरं, शाळा तर शाळा," ती म्हणाली. "टॉवेलचं काय?"

"कसले टॉवेल?"

"पाहुण्यांना द्यायचे. माझ्या नावाचे."

सो-दाम हसली. मनात काही नव्हतं तिच्या, नुसतीच हसली, पण ते जास्त झोंबलं. "अहो आई, टॉवेल आता कोण देतं? लोक घरी नेतात आणि लादी पुसतात. मी काहीतरी मस्त बनवतेय. हाताने. प्रेमाने."

"मान-सू!" पिल-जाने हाक मारली.

मान-सू आला. दोन बायकांच्या मधे उभा राहिला की तो टेबलफॅनसारखा वागायचा, एकदा इकडे मान फिरवायची, एकदा तिकडे, वारा दोघींना सारखा. "आईचंही बरोबर आहे," तो म्हणाला. "आणि सो-दामचंही..."

"नीघ," पिल-जा म्हणाली.

खरं तर तिला सरळ सांगता आलं असतं, की बाई गं, मला माझं नाव कुठेतरी छापलेलं बघायचंय, मरायच्या आधी, आणि ते थडग्यावर नको. पण असं सुनेला सांगायचं? जीभ उचलेना. तिने तोंड फुगवलं आणि न्हाणीत जाऊन दार आपटलं. कपाट उघडलं. गाव कोसळलं. पायाशी पडलेल्या दोंग-इलकडे, मि-रानच्या वडिलांकडे, बुडालेल्या गोदामाकडे बघता बघता तिच्या डोक्यात एक चावट कल्पना आली. घरीच बनवलेलं पाहिजे ना? घ्या मग.

दुसऱ्या दिवशी तिने गच्चीवर मोठं पातेलं चढवलं, सोडा टाकला आणि टॉवेल उकळायला घातले.

"आई, एवढे टॉवेल कशाला?" सो-दामने खालून विचारलं.

"पाहुणे येणार. घर नको आवरायला?"

ऊन दिलेले टॉवेल घेऊन ती दुपारभर खोलीत बसायची. घरात लाल दोऱ्याचं अख्खं रीळ पडलं होतं, पण जित्या माणसाचं नाव लाल रंगात लिहीत नाहीत, आणि पिल-जाला एवढ्यात मरायचं नव्हतं. मग तिने गोधडीचा पिवळा दोरा घेतला. सोनेरी नाही तर नाही, त्याच्या शेजारचा तरी. ज्याचं कार्य होतं त्याचं नाव वर छापलेलं होतंच. त्याच्या खाली तिने एकेक ओळ टाचली. बोटं जाळी विणून तयार झालेली, टाका भक्कम, अक्षरं मात्र तिरकी. 'बान पिल-जा हिने वापरला. आभारी आहे.' प्रत्येकाचा टॉवेल प्रत्येकाला परत! पहिला टॉवेल झाल्यावर ती एकटीच इतकी हसली की कोंगी भुंकायला लागला.

सत्तरीच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. सो-दामने गच्चीची शाळा केली होती आणि खोटं कशाला बोला, केली होती झकास. फळा, शेगडी, डबे, दोरीवर रंगीत पताका. सोया सॉसच्या रांजणांनासुद्धा तिने कागदी टोप्या घातल्या होत्या. पाकटाचं तेवढं भांडण झालं होतं. आंबवलेल्या पाकट माशाशिवाय मोक्पोत जेवणावळ होत नाही, आणि सो-दामचं म्हणणं, त्या वासात थीम टिकत नाही. शेवटी पाकट गच्चीच्या टोकाला वाऱ्याच्या दिशेला ठेवायचं ठरलं. पाहुणे आल्या आल्या थीम सोडून तिकडेच जाऊन उभे राहिले.

पिल-जाने गणवेश घातला. काळा, कडक, पांढरी कॉलर. आरशात बघितलं तर एक सुरकुतलेली मुलगी उभी होती. तिला हसू आलं, मग नाक चोंदलं. सत्तर वर्षांची बाई आणि गणवेशापायी रडतेय, शोभतं का? पण आलं रडू, काय करणार.

"बघू, आई, सरळ उभ्या राहा." सो-दामने मागून येऊन तिच्या छातीवर काहीतरी टाचलं. "नावाचा बिल्ला. सगळ्यांचे मी हाताने शिवलेत. रात्री जागून."

पिल-जाने खाली मान घालून वाचलं. लोकरीच्या कापडाचा बिल्ला, कडेने फुलांची नक्षी, मधे सुबक अक्षरं. 'मान-सूची आई'.

एवढं नक्षीकाम, एवढी जागरणं, आणि आत कोण, तर मान-सूची आई. तिने इकडेतिकडे पाहिलं. पाकटाभोवती जमलेल्या सगळ्या म्हाताऱ्या गणवेशात, दात कोरत, आणि प्रत्येकीच्या छातीवर बिल्ला. 'दोंग-इलची आई'. 'मि-रानची आई'. सो-दामचा तरी काय दोष? तिने या बायकांना दुसऱ्या नावाने हाक मारलेली कधी ऐकलीच नव्हती. पण म्हणून राग यायचा थांबतो का?

टॉवेलचं गाठोडं जिन्याच्या तोंडाशी तयार होतं. पिल-जा ते उचलायला गेली तर शेजारच्या टेबलावर सो-दामच्या परतीच्या भेटी मांडलेल्या. फुलाफुलांच्या कापडात बांधलेले छोटे पत्र्याचे डबे, एकासारखा एक. एकाचं झाकण उघडं होतं. आत तोक, आपल्या वाफवलेल्या तांदळाच्या वड्या. एक गुलाबी, एक हिरवी, एक पांढरी, वर तीळ, आणि पिल-जाच्या सासूच्या लाकडी साच्याचा ठसा. इतकं देखणं, की आपल्या विरलेल्या, उकळलेल्या टॉवेलांची तिला लाज वाटली. चावटपणा दुपारी खोलीत बसून छान वाटतो; लोकांसमोर काढला की नुसता दळभद्रीपणा दिसतो. तिने गाठोडं रांजणांच्या मागे ढकललं आणि निमूट जाऊन बाकावर बसली.

सो-दाम मास्तरीणबाई झाली होती. नाकावर चष्मा, हातात छडी. तिने फळ्यावर छडी आपटली. "चला, हजेरी! दोंग-इलची आई!"

"हजर!" दोंग-इलची आई गरजली. तिचा आवाज असा, की बंदरातली बोट वळावी. म्हाताऱ्या खिदळल्या.

"मि-रानची आई!"

"हजर, बाई. पण गृहपाठ कुत्र्याने खाल्ला."

"आणि आजची आपली उत्सवमूर्ती, मान-सूची आई!"

पिल-जाने छातीवरचा बिल्ला तळहाताने झाकला.

"मान-सूची आई?" सो-दामने पुन्हा हाक मारली.

"तिचा आज खाडा आहे," पिल-जा म्हणाली.

सगळ्या हसल्या. पिल-जा हसली नाही. हसू हळूहळू विरलं.

"मग या कोण बसल्यात?" सो-दामने थट्टेतच विचारलं, पण छडी खाली घेतली.

"विचार की त्यांना. वर्षानुवर्षं माझ्याबरोबर पत्ते कुटतायत. माझी किमची खातायत. विचार, मी कोण ते."

म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मान-सूने तोंड उघडलं. "तू बोलू नकोस," पिल-जा म्हणाली, आणि त्याने ते मिटलं.

"शेवटी काहीतरी 'सुन' होतं ना गं?" मि-रानची आई चाचरत म्हणाली. "क्योंग-सुन?"

"ती माझी जाऊ. वारली."

"अगं बाई."

"आता हा काय तमाशा मांडलास सत्तरीला?" दोंग-इलची आई म्हणाली. ती पिल-जापेक्षा वर्षाने मोठी, म्हणून गावातल्या प्रत्येक गोष्टीत मोठी. "नाव काय घेऊन बसलीस? मला तरी कुणी विचारलं का कधी?" आणि चेहरा लपवायला काहीतरी हवं म्हणून तिने भेटींच्या टेबलावरचा डबा ओढला, गुलाबी तोक उचललं आणि अख्खं तोंडात टाकलं.

"अहो नको!" सो-दाम किंचाळली.

पण दोंग-इलची आई चावत होती. एकदा चावली, दोनदा चावली. तिचा चेहरा विचारात पडला. तरी ती चावतच राहिली, कारण चारचौघांत तोंडातलं काढायचं नसतं. मग तिच्या ओठांच्या कडेने फेस आला. गुलाबी, सुगंधी, बुडबुड्यांचा फेस.

"साबण आहे तो!" सो-दाम रडकुंडीला आली. "हाताने केलेला साबण! डब्याच्या खाली लिहिलंय!"

"चष्म्याशिवाय डब्याच्या खाली कोण वाचतंय?" मि-रानची आई ओरडली, आणि तिनेही हळूच काहीतरी थुंकलं. ती हिरव्यापासून सुरू झाली होती.

गच्चीवर एकच गोंधळ उडाला. मान-सू पाणी आणायला धावला आणि शेगडीला अडखळला. कोंगी भुंकत फेसाभोवती नाचायला लागला. दोंग-इलची आई चूळ भरायची, बोलायला जायची आणि तोंडातून बुडबुडे काढायची. कागदी रुमाल फेसात विरघळून तिच्या हनुवटीला चिकटले.

"टॉवेल द्या कुणीतरी! ए, टॉवेल!"

पिल-जा उठली. रांजणांच्या मागून तिने गाठोडं ओढलं, गाठ सोडली, वरचाच टॉवेल उपसला आणि दोंग-इलच्या आईच्या तोंडावर दाबला. तिने तोंड पुसलं, जीभ पुसली, डोळे पुसले आणि दम खाल्ला.

"मला वाटलं, सोलच्या लोकांचं तोक असंच असेल," ती धापा टाकत म्हणाली. "पोरीला वाईट वाटायला नको म्हणून गिळायला निघाले होते. आणि काय गं, वासाला..." एवढ्यात हातातल्या टॉवेलवर तिची नजर गेली, आणि ती थांबली. टॉवेल विरून जाळी झाला होता, छपाई फिकट, पण अक्षरं लागत होती. दोंग-इलचा पहिला वाढदिवस. तिने टॉवेल हातभर लांब धरला, मग जवळ घेतला.

"हा कुठून आला?"

"तूच दिला होतास की."

"माझ्याकडे यातला एकही नाही उरला," दोंग-इलची आई म्हणाली. "सगळे वाटून टाकले होते मी." मग तिला खालची पिवळी ओळ दिसली आणि तिने ती वाचली, तिच्याच आवाजात, म्हणजे अख्ख्या गल्लीला. "बान पिल-जा हिने वापरला. आभारी आहे. ही बान पिल-जा कोण?"

"मी," पिल-जा म्हणाली.

दोंग-इलच्या आईने टॉवेल खाली केला.

"पिल-जा?" दोंग-इलची आई म्हणाली. "म्हणजे आता बास?"

"आता बास. चौथी मुलगी. माझ्यानंतर अजून दोघी झाल्या."

दोंग-इलच्या आईच्या तोंडातून हसू आणि उरलेला फेस एकदम बाहेर पडला. ती हसली, सगळ्या हसल्या, आणि हसता हसताच ती टॉवेलात तोंड खुपसून रडायलाही लागली. पोरगा किती वर्षांत आला नव्हता, कुणी मोजत नव्हतं. "मेले," ती टॉवेलातून म्हणाली, "माझ्या लेकाने काय काय पुसलंस तू?"

"सगळं. आधी तोंड, मग केस, मग मान-सूचं ढुंगण. मधे काही वर्षं कुत्रा."

"आणि ते माझ्या जिभेला लावलंस?"

"उकळलाय, ताई. सोडा घालून."

मग गाठोड्याभोवती झुंबड उडाली. मि-रानच्या आईला नवऱ्याची निवृत्ती सापडली. पाद्रीबुवांनी चर्चचा रौप्यमहोत्सव दोन बोटांत धरून उचलला आणि कुठे कुठे वापरला हे विचारायचं टाळलं. बुडालेल्या गोदामाचा टॉवेल कुणी घेईना. शेवटी दोंग-इलचे वडील म्हणाले, द्या इकडे, माझे पैसे बुडालेत त्यात, पाय तरी पुसतो. जो तो आपला टॉवेल उलगडायचा, वरचं वाचून हळवा व्हायचा आणि खालचं वाचून फिस्सकन हसायचा. आणि प्रत्येक जण ते मोठ्याने वाचायचा. बान पिल-जा. बान पिल-जा. बान पिल-जा. इतक्या वेळा तर तिच्या बापानेही तिचं नाव घेतलं नसेल.

सो-दाम फळ्यापाशी साबणाचे डबे छातीशी धरून उभी होती. चष्मा घसरला होता. पिल-जा तिच्याजवळ गेली.

"आई, मी काय करून बसले," सो-दाम म्हणाली. "बिल्ल्यांवर मी... मला सुचलंच नाही हो. मला कुणी सांगितलंच नाही यांची नावं. मी विचारलीच नाहीत."

"रडू नकोस. साबण चांगला झालाय. ताईची जीभ इतकी स्वच्छ मी आजवर बघितली नव्हती."

सो-दामला रडता रडता हसू फुटलं. तिने पिल-जाच्या छातीवरचा बिल्ला काढला, उलटा केला, खिशातला खडू घेतला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर 'बान पिल-जा' असं लिहून परत लावला. मग टाचणी हातात तशीच धरून हळूच म्हणाली, "बालवाडीत मलाही सगळे हा-युलची आईच म्हणतात. दोन वर्षं झाली. मला वाटायचं, बरंच आहे की."

"मलाही वाटायचं," पिल-जा म्हणाली. "तू सत्तरीची वाट बघू नकोस."

बाकावरच्या म्हाताऱ्यांनी मग आपापले बिल्ले उलटे केले आणि खडूसाठी भांडायला लागल्या. दोंग-इलच्या आईचं नाव चुन-वॉल निघालं, म्हणजे वसंतातला चंद्र. "एवढं गोड नाव आणि एवढं तोंड?" मि-रानची आई म्हणाली, आणि दोघींची तिथेच जुंपली. पाकट संपलं. हजेरी अर्धीच राहिली, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पाहुणे गेल्यावर पिल-जाच्या ध्यानात आलं की आता घरात अंग पुसायला एक टॉवेल शिल्लक नाही. चावटपणा करायच्या नादात एवढा हिशेब राहून गेला होता. तिने पुढचे चार दिवस मान-सूच्या जुन्या बनियनने तोंड पुसलं.

पाचव्या दिवशी ती नेहमीसारखी गल्लीच्या टोकाच्या सार्वजनिक न्हाणीघरात गेली. बायकांच्या बाजूला कपडे बदलायच्या खोलीत शिरली आणि खुंट्यांपाशी थबकली. ओळीने टॉवेल लटकत होते. दोंग-इलचा पहिला वाढदिवस. मि-रानच्या वडिलांची निवृत्ती. आणि प्रत्येकाच्या खाली, तिरक्या पिवळ्या अक्षरांत, ती. बान पिल-जा. बान पिल-जा. म्हातारीने चोरून इकडेतिकडे पाहिलं आणि एका टॉवेलची घडी जरा सरळ केली, अक्षरं नीट दिसावीत म्हणून.

आत वाफ दाटली होती, हातभरावरचं दिसत नव्हतं. पिल-जा आपल्या स्टुलावर बसून अंगावर पाणी घेत होती. वाफेतून कुणीतरी ओरडलं.

"ए पिल-जा!"

पिल-जा पाणी घेत राहिली. कोण ही निर्लज्ज, कुणाला हाका मारतेय न्हाणीत, असं तिच्या मनात आलं.

"पिल-जा! अगं पाठ घास माझी, हात पोचत नाही!"

तिने केसांना साबण लावला.

"बहिरी झालीस का गं सत्तरी लागली तशी? बान पिल-जा! तुलाच म्हणतेय मी, दुसरी कोण आहे इथे आता बास?"

पिल-जाच्या हातातलं घमेलं खाली पडलं आणि घरंगळत गेलं. डोळ्यांत साबण गेला होता, निदान तिने नंतर सगळ्यांना तसंच सांगितलं. ती उठली, ओल्या फरशीवर पाय रोवून शाळेतल्यासारखी ताठ उभी राहिली, उघडीनागडी, केसांत फेस, आणि तिने जीव खाऊन आवाज दिला.

"हजर!"